ॲडलेड ते पर्थ कॅराव्हॅनने : नलारबॉर, समुद्र आणि मित्रमंडळी

निवडुंग (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर अवांतर वाढत चाललं होतं, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

गेल्या हिवाळ्यात (म्हणजे इथला हिवाळा, जुलै-ऑगस्ट) आम्ही तीन कुटुंबं तीन कॅराव्हॅन (गाडीमागे जोडून ओढायची चाकांवरची घरं) घेऊन ॲडलेडहून पर्थला गेलो. पोर्ट ऑगस्टा, किंबा, सेडूना, मग आयर हायवेने नलारबॉरचं पठार पार करून नॉर्समन, तिथून खाली समुद्राकडे एस्परन्स आणि शेवटी पर्थ. रोजनिशी लिहीत नाही. जाणाऱ्याला उपयोगी पडेल तेवढं लिहितो, बाकीचं विचारा.

सगळ्यात आधी माझं ठाम मत. मित्रांबरोबर जायचं असेल तर बिऱ्हाडं वेगळी ठेवा. एकच मोठी मोटरहोम (गाडीतच घर असलेली) घेऊन त्यात सहा-सात जण कोंबायचा बेत आमच्यातही शिजत होता, कारण माणशी खर्च कमी. पण पाऊस लागला, एकाला पहाटे पाचला चहा हवा, दुसऱ्याचं पोरगं रात्री अकरापर्यंत जागं, की त्या डब्यात कोणी कोणाकडे बघून हसत नाही. वेगळी कॅराव्हॅन म्हणजे वेगळं दार. ते लावून घेता येतं. सकाळचं ज्याचं त्याने बघायचं, दुपारचं वाटेत जमेल तसं, आणि रात्रीचं जेवण एकत्र, एवढाच नियम आम्ही केला आणि तो शेवटपर्यंत टिकला.

दुसरं, अंतराची भीती. सेडूना ते नॉर्समन सुमारे १२०० किलोमीटर. मध्ये गाव म्हणावं असं जवळजवळ काही नाही, पण रोडहाउसं आहेत : डिझेल, चिप्स, मोटेलच्या खोल्या आणि मागे कॅराव्हॅन लावायला जागा. दोन रोडहाउसांमधलं मोठ्यात मोठं अंतर १९० किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे डिझेल संपून अडकायची वेळ सहसा येत नाही. खिशाला मात्र चाट बसते. भाव तर चढा असतोच, शिवाय पश्चिमेला जाताना वारा बहुतेक वेळा तोंडावर असतो. माझी गाडी मागे व्हॅन असताना एरवी शंभर किलोमीटरला १६-१७ लिटर पिते. नलारबॉर रोडहाउस ते बॉर्डर व्हिलेज या टप्प्यात ती २२ वर गेली. वाऱ्याचा अंदाज बघून एखादा दिवस मुक्काम वाढवला तर तो पैशातच वसूल होतो.

जपायचं ते पाणी. ते पठार चुनखडीचं आहे, पावसाचं पाणी खाली झिरपून जातं, वर नदी-ओढा काही राहत नाही. रोडहाउसवाल्यांनाही पाणी महाग पडतं, म्हणून ‘टाकी भरून घेतो’ म्हटलं की ते मान हलवतात, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. सेडूनात टाक्या काठोकाठ भरा आणि पिण्याचं पाणी डब्यांत वेगळं ठेवा.

तिसरं, दिवसाचा हिशोब. पश्चिमेला जाताना दुपारनंतर सूर्य थेट डोळ्यांत येतो. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. म्हणून सकाळी लवकर निघून तीन-साडेतीनला थांबायचं. घड्याळाची वेगळीच गंमत आहे. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि पर्थ यांच्यात हिवाळ्यात दीड तासाचा फरक, आणि सीमेजवळच्या यूक्लाच्या आसपासचे लोक मधलीच, पाऊण तासाची वेळ पाळतात. रस्त्याकडेला ‘घड्याळ बदला’ अशी पाटी असते. दोन दिवस जेवणाच्या वेळेवरून वाद घालायला एवढं पुरतं.

मूगभजी

वाचतेय. मस्त धागा, निवडुंगदादा!

पण वेगळ्या बिऱ्हाडाचं नाही पटलं. आम्ही मेलबर्नहून ग्रेट ओशन रोडला एकाच मोठ्या गाडीत गेलो होतो, सगळे मिळून स्वयंपाक, रात्री पत्ते. खूप धमाल आली.

शाकाहारी लोकांनी नलारबॉरवर काय खायचं? आणि सीमेवर म्हणे भाज्या काढून घेतात?

निवडुंग

मूगभजीताई, ग्रेट ओशन रोडला वैताग आला तर पुढच्या गावात कॅफे सापडतो. इथे पुढचं गाव दोन दिवसांवर असतं. बिऱ्हाडाचं मी त्यासाठीच म्हटलं.

आता भाज्या. हो, खरं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना बॉर्डर व्हिलेजला प्रत्येक गाडी तपासतात. फळमाशी आणि पिकांचे रोग राज्यात येऊ नयेत म्हणून फळं, भाज्या, रोपं, मध, सगळं तिथेच सोडायचं. उलट दिशेने आलात तर हीच तपासणी सेडूनाला होते.

आम्हाला माहीत होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी नलारबॉर रोडहाउसच्या मागे तिन्ही कॅराव्हॅनमधली भाजी एकत्र ओतली. टोमॅटो, फ्लॉवर, अर्धी कोबी, मूठभर मिरच्या, चार वांगी. वारा इतका होता की शेगडी बाहेर पेटेना, म्हणून एकीच्या कॅराव्हॅनमध्ये कुकर, दुसरीकडे कढई, आणि पोरं भांडी घेऊन इकडून तिकडे. त्या रात्री पावभाजी झाली, पावाच्या जागी टोस्टचा ब्रेड. उरलेल्याचा मसालेभात करून डबे भरले. शिजवलेल्या अन्नाला हरकत नसते.

सकाळी तपासणीला बाई होत्या, अगदी शांत आणि हसऱ्या. फ्रिज उघडला, कपाटं उघडली, गादीखालचा कप्पासुद्धा पाहिला. आमच्यातल्या एकीने कढीलिंबाचं छोटं रोप कुंडीसकट आणलं होतं, ‘हे काही भाजीत धरत नाहीत’ या समजुतीने. कढीलिंब लिंबाच्याच कुळातला, त्यामुळे त्यावर तर जास्तच कडक नजर असते. रोप गेलं. वहिनी बॉर्डर व्हिलेज ते यूक्ला बारा किलोमीटर गप्प होत्या.

नंतर ताजी भाजी धड मिळते ती एकदम एस्परन्सला. नॉर्समनला थोडीफार मिळते. मधल्या काळासाठी पाकीटबंद डाळी-कडधान्यं न्या. मटकी सकाळी भिजवली, रात्री फडक्यात बांधून सिंकवर टांगली, की तिसऱ्या दिवशी उसळ. रोडहाउसमध्ये शाकाहारी म्हणजे चिप्स आणि चीज टोस्ट, त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नका.

तिखटमीठ

एक बाळबोध प्रश्न, रागावू नका. १२०० किलोमीटर सपाट माळ बघायला एवढा खर्च कशाला? विमानाने तीन-साडेतीन तासांत पर्थ. वाचलेल्या पैशांत न्यूझीलंड होईल.

निवडुंग

रागावत नाही, हा प्रश्न आमच्या सासूबाईंनीही विचारला होता.

माळ सपाट आहे हे खरंच. बॅलाडोनिया आणि कायगुना यांच्यामध्ये १४६.६ किलोमीटर रस्ता एकही वळण न घेता जातो, तशी पाटीही लावली आहे. तिथे मलाही पेंग आली, खोटं कशाला बोलू.

पण याच रस्त्याला हेड ऑफ बाइट आहे. हायवेपासून बारा-एक किलोमीटर आत, अबोरिजिनल (मूळनिवासी) लोकांच्या जमिनीवर. जून ते ऑक्टोबर सदर्न राइट व्हेल अंटार्क्टिकाकडच्या थंड पाण्यातून इथे विणीला येतात. कड्यावर लाकडी वाट बांधली आहे, तिथे उभं राहिलं की व्हेल आणि तिचं पिल्लू पायाखाली असल्यासारखे दिसतात. बोट नको, दुर्बीणही नको. व्हेल पाण्यात लाकडाच्या ओंडक्यासारखी पडून होती, आणि पिल्लू तिच्या पाठीवर चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. तासभर हेच. आमच्याबरोबरचा एक जण, जो प्रत्येक ठिकाणी ‘चला, उशीर होतोय’ म्हणत असे, तो सगळ्यांत शेवटी हलला. श्वास सोडताना फुस्स् असा आवाज येतो, तो वर कड्यापर्यंत ऐकू येतो.

तिथून पुढे बुंडा कडे. माळ चालत चालत येतो आणि एकदम तुटतो, खाली समुद्र. उंची ६० ते १२० मीटर. कठडा-बिठडा नाही, आणि कडा खालून पोखरलेला असतो, म्हणून टोकाला जाऊन सेल्फी काढणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका. पाटी जिथे थांबा म्हणते तिथे थांबा.

न्यूझीलंडलाही जाच की.

टोबॉल

ब्रिस्बेनहून. माझा धंदाच गाड्यांचा, म्हणून दोन गोष्टी वजनाबद्दल. लोक रस्त्याला घाबरतात, वजनाला नाही. उलटं पाहिजे.

एक लिटर पाणी एक किलो. दोन टाक्या मिळून १९० लिटर असतील तर ते १९० किलो झाले. त्यात गॅसच्या टाक्या, ऑनिंग (दाराबाहेर उघडायचं छत), खुर्च्या, तांदळाचं पोतं, सायकली. विक्रेत्याने सांगितलेलं वजन रिकाम्या व्हॅनचं असतं. भरल्यावर काट्यावर नेऊन खरं वजन करा. गाडी ३५०० किलो ओढू शकते असं लिहिलेलं असतं, पण गाडीत पाच माणसं आणि टपावर सामान चढवलं की गाडी आणि व्हॅन मिळून जी मर्यादा असते ती आधीच गाठली जाते.

हिचवर (व्हॅन गाडीला जोडतात त्या जागी) व्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार हवा. जड सामान ॲक्सलवर किंवा किंचित पुढे ठेवा, मागच्या बाजूला कधीच नाही. मागे वजन झालं की व्हॅन शेपूट हलवायला लागते. पुढची टाकी वापरून रिकामी केली आणि मागची भरलेली राहिली, तरी तेच. कोणत्या टाकीतलं पाणी आधी वापरायचं हेसुद्धा ठरवून ठेवा.

व्हॅन डुलायला लागली तर गाडीचा ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंगशी झुंजू नका. ॲक्सिलरेटर हळूच सोडा आणि फक्त व्हॅनचे ब्रेक लावायचं बटण हाताने दाबा. त्या बटणाची जागा अंधारातही सापडली पाहिजे.

आणि तीन व्हॅनवाल्यांनो, एकमेकांना चिकटून चालू नका. रोड ट्रेन (मागे अनेक ट्रेलर जोडलेले लांबलचक ट्रक) चालणाऱ्या भागात लांब गाड्यांनी आपसांत २०० मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. मागून येणाऱ्या ट्रकला एकेक करून ओलांडता यायला हवं. उत्तरेकडे रोड ट्रेन ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात. त्याला तीन व्हॅन एका दमात ओलांडायला लावणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

निवडुंग

टोबॉल, बाडीस (पूर्ण सहमत). यात एकच भर : रेडिओ. तिन्ही गाड्यांत यूएचएफ (एका गाडीतून दुसऱ्या गाडीशी बोलायचा रेडिओ) बसवला होता. ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनलवर असतात, कॅराव्हॅनवाले बहुतेक १८ वर. मागे रोड ट्रेन दिसली की ४० वर जाऊन ‘मागे येताय ते दिसलं, रस्ता मोकळा झाला की सांगतो’ एवढं बोलायचं. तो बाहेर निघाला की आपण वेग जरा कमी करायचा. जाताना तो बहुतेक वेळा आभार मानतो. ट्रक शेजारून जाताना आधी बाहेर ढकलल्यासारखं आणि मग आत ओढल्यासारखं होतं, पहिल्यांदा पोटात गोळा येतो.

आपापसांत मात्र वेगळ्या चॅनलवर मराठीत अखंड बडबड. ‘उजवीकडे उंट’ पासून ‘तुमच्या मागच्या खिडकीतून पडदा बाहेर आलाय’ पर्यंत. संध्याकाळी बोलायला काही उरायचंच नाही.

नाना_सोलापूरकर

उंट? ऑस्ट्रेलियात? आमची सून सिडनीला असते, तिने कधी सांगितलं नाही.

निवडुंग

नाना, सिडनीत नाहीत, पण आत वाळवंटात रानटी उंट भरपूर आहेत. मूळचे आपल्याच बाजूचे. १८६० साली ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेला पार करायला निघालेल्या बर्क आणि विल्सच्या मोहिमेसाठी कराचीहून उंट आणि उंटवाले आणले होते. पुढे अनेक वर्षं आतल्या भागातली मालवाहतूक उंटांवरच चाले. उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुची, पंजाबी, सिंधी असे सगळे होते. मोटारी आल्या, उंट सोडून दिले, आणि त्यांचं त्यांनी बरं चालवलं.

चकोर

पुण्याहून. आम्ही चार मित्र पुढच्या वर्षी यायचं म्हणतोय. आपल्याकडचं लायसन्स चालेल का? कॅराव्हॅन ओढायला वेगळं लागतं का? आणि आई बरोबर आहेत, वय ७२, टॉयलेटचं काय?

निवडुंग

चकोर, पर्यटक म्हणून आलात तर इंग्रजीत छापलेलं चालू लायसन्स चालतं, सोबत आंतरराष्ट्रीय परमिट ठेवा, भाड्याने देणारे मागतात. इथे कॅराव्हॅन ओढायला साध्या कारचं लायसन्स पुरतं. पण पुरतं म्हणून ओढावीच असं नाही. पहिल्यांदाच येताय तर ओढायच्या भानगडीत न पडता दोन छोट्या मोटरहोम घ्या. करारात कच्च्या रस्त्यावर न्यायला बहुतेक जण मनाई करतात, ते नीट वाचा. आयर हायवे पूर्ण डांबरी आहे, १९७६ पासून. एस्परन्सजवळ लकी बे पर्यंतही डांबर आहे. पांढरीशुभ्र वाळू, त्यावर कांगारू लोळत असतात, आणि वर टेकाडावर व्हॅन लावायला जागा. कांगारू जवळ येतात, खायला घालू नका.

टॉयलेटचं : व्हॅनमध्येच असतं. खाली एक डबा असतो, तो भरला की बाहेरून ओढून डंप पॉइंटवर रिकामा करायचा. आईंना काही अडचण नाही, अडचण तुम्हाला. आमच्याकडे पाळी लावली होती आणि ती पाळी चुकवण्यासाठी जे बहाणे ऐकले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. आईंसाठी व्हॅनची पायरी किती उंच आहे ते मात्र आधी बघा. जोडीला एक घडीचं स्टूल न्या.

तब्येतीचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. नलारबॉरच्या टप्प्यात बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते. सॅटेलाइट फोन किंवा इमर्जन्सी बीकन (संकटात उपग्रहामार्फत आपलं ठिकाण कळवणारं यंत्र) भाड्याने मिळतो, घ्याच. हायवेवर काही ठिकाणी डांबरावर पांढरे पट्टे ओढलेले दिसतात, ती फ्लाइंग डॉक्टरांच्या (दूरवरच्या रुग्णांकडे विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांच्या) विमानाची धावपट्टी आहे. ही सेवा १९२८ पासून चालू आहे.

पिलबरावाली

नलारबॉरवाल्यांना नमस्कार, पण समुद्र बघायचा तर आमच्याकडे या की! कराथाला असते मी. पर्थहून वर निघा : सर्व्हँटिसजवळ पिनॅकल्स (चुनखडीचे सुळके), कालबारी, शार्क बेला शंखशिंपल्यांचा किनारा आणि हॅमेलिन पूलचे स्ट्रोमॅटोलाइट (सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून केलेले खडक), पुढे कार्नार्व्हनला केळीच्या बागा, मग कोरल बे आणि एक्समाउथ. निंगालूला प्रवाळ किनाऱ्यापासून इतकं जवळ आहे की चालत पाण्यात शिरा, तोंड खाली घाला, झालं. व्हेल शार्क साधारण मार्च ते जुलै.

दोन गोष्टी. मे ते सप्टेंबरच या, उन्हाळ्यात इकडे चक्रीवादळं आणि जीव नकोसा करणारी गरमी. आणि एक्समाउथजवळच्या केप रेंजमधल्या, व्हॅन लावायच्या समुद्राकाठच्या जागा सहा महिने आधी बुकिंग उघडलं की भराभर संपतात. आमच्या ओळखीतले लोक त्या दिवशी पहाटे गजर लावून बसतात, तत्काळ तिकिटासारखं.

करिजिनीच्या घळी मात्र आत आहेत. लाल माती. ती माती व्हॅनच्या फटींतून आत शिरते आणि पुढच्या दिवाळीच्या सफाईलाही निघत असते.

तिखटमीठ

व्हेलचं वाचून बायको म्हणते न्यूझीलंड राहू दे. तुम्ही लोकांनी वाट लावली माझी.

यूक्लाला बघण्यासारखं काही आहे का, की नुसतं घड्याळ?

निवडुंग

आहे. १८७७ साली सुरू झालेलं तारघर. एके काळी फार वर्दळीचं होतं. १८९०च्या सुमारास सशांनी टेकाडांवरचं गवत खाऊन फस्त केलं, वाळू सुटली आणि गावावर चालून आली. लोकांनी वरच्या बाजूला नवं गाव केलं. आता भिंती कधी उघड्या पडतात, कधी पुरल्या जातात, वाऱ्याची मर्जी.

पुढे बॅलाडोनियाच्या रोडहाउसमध्ये छोटं संग्रहालय आहे, त्यात स्कायलॅब. १९७९ साली ते अंतराळस्थानक कोसळलं तेव्हा त्याचे तुकडे याच भागात पडले. नानांना आठवत असेल, तेव्हा आपल्याकडेही केवढी घबराट होती. एस्परन्सच्या नगरपालिकेने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड ठोकला होता.

नाना_सोलापूरकर

आठवतं म्हणजे काय! आमच्या गल्लीत लोक रात्री आकाशाकडे बघत बसले होते. नासाने दंड भरला का?

निवडुंग

नाही भरला. २००९ साली अमेरिकेतल्या एका रेडिओवाल्याने श्रोत्यांकडून वर्गणी काढून भरला.

मूगभजी

😂 वर्गणी काढून! हे तर अगदी आपल्या मंडळासारखं.

दादा, शेवटचा प्रश्न. नवरा व्हॅन ओढायला तयार आहे, पण रिव्हर्सला घाबरतो. आणि मागे उभं राहून ‘लेफ्ट लेफ्ट’ ओरडायचं काम माझ्याकडे येणार, मग भांडण ठरलेलं.

टोबॉल

याला उपाय आहे ताई. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायला सांगा, सहाच्या काट्यावर. व्हॅनचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला हात सरकवायचा. एवढंच. आणि तुम्ही अशा जागी उभ्या राहा की त्यांना आरशात दिसाल. तुम्हाला त्यांचा आरसा दिसत नसेल तर त्यांनाही तुम्ही दिसत नाही. ओरडण्यापेक्षा हातात रेडिओ घ्या, आवाज चढत नाही. लेफ्ट-राइटऐवजी ‘झाडाकडे’, ‘नळाकडे’ असं सांगा.

रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या मैदानात दोन बादल्या ठेवून सराव करा. पोरांना घरी ठेवा.

मूगभजी

नळाकडे! हे जमेल. रविवारी बादल्या घेऊन जातो.

चकोर

दोन मोटरहोमचं मित्रांना सांगितलं. एक जण म्हणतो खर्च वाढतो, एकातच जाऊ. त्याला या धाग्याची लिंक पाठवली आहे. निवडुंगदादा, तो इथे येऊन वाद घालेल, तयार राहा.

निवडुंग

येऊ द्या. तो घोरतो का, एवढं आधी विचारून ठेवा.